रूप, कुळ आणि अळीची साक्ष

फुलपाखराची ओळख पंखांवरून पटविण्याचा प्रघात आपल्याकडील नामावल्यांत व सचित्र मार्गदर्शिकांत रूढ आहे. तथापि ओळख म्हणजे केवळ साम्यभेदांची नोंद नव्हे. तीत जातीचा निर्णय अभिप्रेत असतो. त्या निर्णयास पंख किती अपुरे पडतात, हे ‘कॉमन मॉर्मन’ या परिचित जातीवरून ध्यानात येते.

हिचा नर काळा असून मागील पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ असते. मादीची रूपे मात्र तीन. पहिले नरासारखे, दुसरे ‘कॉमन रोझ’सारखे आणि तिसरे ‘क्रिमसन रोझ’सारखे. या दोन्ही रोझ जाती पक्ष्यांना अरुचिकर असल्याने त्यांचे सोंग मादीस तारक ठरते. क्रामर याने 1775 साली तिसऱ्या रूपास ‘रोम्युलस’ असे स्वतंत्र जातिनाम दिले, ते पंखांवर विसंबूनच.

सोंग ओळखता येते. कारण रोझचे धड लाल, तर मॉर्मन मादीचे काळे. परंतु ही मादी त्या वेगळ्याच दिसणाऱ्या नराच्या जातीची, हे तिचे रंगरूप सांगत नाही. ती साक्ष अळीची. रोझची अळी ईश्वरीच्या वेलावर वाढते व तिच्या अंगावर मांसल उंचवटे असतात. मॉर्मनची अळी लिंबू, कढीलिंब यांवर वाढते. कोवळेपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी, पुढे हिरवी दिसते. एकाच मादीच्या अंड्यांपासून वाढविलेल्या अळ्यांतून भिन्न रूपांच्या माद्या निघतात, तेव्हा संशय उरत नाही. 2014 साली या रूपभेदाचे नियंत्रण ‘डबलसेक्स’ या एका जनुकाकडे असल्याचे सिद्ध झाले.

भाषेच्या अभ्यासकास हा न्याय नवा नाही. ‘जातो’ आणि ‘गेला’ ही रूपे विसदृश, तरी क्रियापद एकच. उलट ग्रीवावाचक ‘मान’ आणि आदरवाचक ‘मान’ उच्चाराने एक, कुळाने दोन. कोशकार तेथे रूपावर थांबत नाही, व्युत्पत्ती पाहतो. फुलपाखरांच्या नामावलीकाराने मात्र थांबावे, हे समर्थनीय नाही.

अर्थात केवळ झाड पाहून निर्णय देणेही घाईचे होय. लिंबावर ‘लाइम’ फुलपाखराचीही तशीच अळी आढळते. अळी पंख फुटेपर्यंत पाळून पाहणे हाच निर्णायक मार्ग. आज बागाईतदार जिला ‘अळी’ म्हणून मारतो आणि मूल ज्याला ‘फुलपाखरू’ म्हणून न्याहाळते, ते दोन्ही एकच, हे आपल्या नामावल्यांतून कळत नाही. प्रत्येक नामाखाली अळीचे वर्णन व तिचे खाद्यझाड नोंदविले जाईपर्यंत त्या नामावल्या पंखांच्याच राहतील, जातींच्या होणार नाहीत.