शिंपल्यांची वाट

'फाइंडिंग डोरी'च्या पहिल्या दृश्यात पडद्यावर फारसं काही नाही. अंधूक निळं पाणी आणि त्यात भलेमोठे डोळे असलेलं एक इवलंसं पिल्लू. ते आपलं नाव सांगतं आणि लागलीच, घोकून ठेवल्यासारखं, आपल्याला आत्ता घडलेलंसुद्धा आठवत नाही हेही सांगून टाकतं. आईबाबा जवळच आहेत आणि लेकीकडून या वाक्याची तालीम करून घेतायत. दृश्य गोड आहे, हसू येतं. पण मूल कधी ना कधी हरवणार, आणि तेव्हा निदान समोरच्याला त्याची अडचण कळावी, या धास्तीतून ही तालीम चालली आहे हे ध्यानात आलं की हसू अर्ध्यावर थांबतं.

2003च्या 'फाइंडिंग निमो'मध्ये डोरी होती ती मार्लिनच्या सोबतीला. मुलाच्या शोधात निघालेल्या त्या धास्तावलेल्या बापाशेजारी एक विसरभोळी, बडबडी मासोळी हवी होती. ती विसरली की आपण हसायचो, आणि तिचं काम तिथे संपायचं. तेरा वर्षांनी, 2016मध्ये, दिग्दर्शक अँड्र्यू स्टँटनने त्याच विनोदाला कथेच्या मध्यभागी आणलं. हे धाडसाचं होतं. ज्याला हसत आलो, ते आता दुखायला हवं होतं, आणि तरीही डोरी रडकी होऊन चालणार नव्हतं.

हा तोल सांभाळला आहे तो आठवणींच्या मांडणीने. एरवी सिनेमात भूतकाळ येतो तो नायकाने शांतपणे दूर पाहिल्यावर. डोरीला ती चैन नाही. एखादा शब्द कानावर पडतो, एखादा शिंपला दिसतो आणि तुकडा अंगावर येतो. पुढचा तुकडा कधी येईल याचा भरवसा नाही. त्यामुळे आईबाबांपासून ती कशी दुरावली हे तिच्याइतकंच उशिरा आपल्याला कळतं. एका रात्री तिने आईला रडताना ऐकलेलं असतं. ही पोर एकटी कशी निभावेल, या काळजीने आई रडत असते. तिला बरं वाटावं म्हणून पिल्लू तिच्या आवडीचा जांभळा शिंपला आणायला जातं आणि प्रवाहात ओढलं जातं. हरवण्याचं कारण विसरणं नसून माया आहे, हा तपशील पटकथेने फार योग्य जागी राखून ठेवला आहे.

चित्रपटाचं शिखर मात्र पुढे आहे. आईबाबा बहुधा जिवंत नाहीत असं समजल्यावर डोरी मोरो बे इथल्या सागरी जीवन संस्थेच्या नळातून थेट उघड्या समुद्रात फेकली जाते. सोबत कुणी नाही. आसपासचं सगळं धूसर होतं. आपण काय विसरलो हेही ती विसरत चालली आहे. मग ती स्वतःलाच विचारते, डोरी असती तर तिने काय केलं असतं? आणि समोर जे आहे तेवढंच बघू लागते. तिकडे नुसतं पाणी, इकडे उंच शेवाळ. मग शेवाळ बरं. तिथे वाळू, वाळू मऊ असते. वाळूवर शिंपला, शिंपले तर तिला आवडतातच. त्यापुढे आणखी एक. एवढ्या बारीक पावलांनी विचार करणारी नायिका मुलांच्या चित्रपटात क्वचितच भेटते. आणि कॅमेरा वर जातो तेव्हा दिसतं, एका घरापासून सगळ्या दिशांना शिंपल्यांच्या ओळी पसरल्या आहेत. लेक कुठूनही आली तरी तिला वाट सापडावी म्हणून आईबाबा वर्षानुवर्षं त्या मांडत राहिले आहेत. पोरीची आठवण सुधारायचा हट्ट त्यांनी धरला नाही, समुद्रतळच तिच्या सोयीचा करून ठेवला. थॉमस न्यूमनचं संगीतही इथे आवाज चढवत नाही, हे विशेष.

हीच दृष्टी इतर पात्रांतही आहे. डेस्टिनी ही व्हेल शार्क अधू नजरेची, सारखी भिंतींना धडकणारी. बेली या बेलुगाची ध्वनीवरून अंदाज घेण्याची शक्ती गेली आहे, असं निदान त्याला तरी वाटतं. हँक या ऑक्टोपसचा एक हात तुटलेला. निमोचा एक पंख तर जन्मापासूनच लहान. एकाचं उणं दुसऱ्याने भरून काढत ही मंडळी पुढे सरकतात, आणि त्यावर कुणी भाषण देत नाही.

म्हणूनच जेराल्ड खटकतो. दाट भुवयांचा, बावळट चेहऱ्याचा हा सी लायन. खडकावर बसायचं एवढीच त्याची इच्छा. खडकावरचे इतर दोन सी लायन त्याची बादली मिळवण्यापुरतं त्याला वर घेतात आणि मग भुंकून हाकलतात. तीच गत बेकी या पक्षिणीची. विस्कटलेली पिसं, भिरभिरते लाल डोळे, आणि सगळा विनोद ती 'ठीक नाही' यावर. बेकीवर भरवसा न ठेवणारा मार्लिन अडचणीत येतो, म्हणजे लेखकांना ही विसंगती अजिबात दिसली नव्हती असं नाही. पण जेराल्डच्या वाट्याला तेवढंही येत नाही. ज्या पोरीसाठी अख्खा समुद्रतळ मांडून ठेवला, तिच्याच चित्रपटात या बिचाऱ्याला खडकाचा एक कोपरा मिळू नये? मुलं हसतात, यात त्यांचा दोष नाही. पटकथाच त्यांना हसायला सांगते.

सीक्वेलला सतावणारे नेहमीचे रोगही आहेत. 'निमो'मध्ये ग्रेट बॅरिअर रीफपासून सिडनीपर्यंत जाण्यात अख्खा चित्रपट खर्ची पडला होता, आणि म्हणून समुद्र अफाट वाटला होता. इथे कासवांच्या पाठीवरून पॅसिफिक पार करून कॅलिफोर्निया गाठायला काही मिनिटं पुरतात. मार्लिनही पहिल्या भागात शिकलेला धडा पुन्हा पहिल्यापासून गिरवतो. आणि पहिल्या भागातली प्रत्येक गंमत कुठून आली, याचा खुलासा करायची घाई आहेच. डोरीला व्हेलची भाषा येते कारण डेस्टिनी लहानपणी नळापलीकडची मैत्रीण होती. पोहत राहा असं गाणं ती गुणगुणते कारण आईबाबांनी ते शिकवलं होतं. मला त्या गाण्याचं मूळ डोरीच्या स्वतःच्या लहरीत असलेलं अधिक आवडलं असतं. सगळाच वारसा झाला की तिचं तिचं असं काय उरतं?

शेवटचा ट्रकचा पाठलाग तर निव्वळ धांगडधिंगा आहे. पाणमांजरांनी रस्त्यावर एकमेकांना मिठ्या मारून वाहतूक अडवणं मजेशीर आहे, ऑक्टोपसने ट्रक चालवणंही. लुई आर्मस्ट्राँगच्या आवाजात ट्रक समुद्रात कोसळतो तेव्हा टाळ्या वाजवाव्याशा वाटतात, हेही खरं. पण या गडबडीत हँकचं नुकसान होतं. रंग बदलत, भिंतींना चिकटत, एका डबक्यातून दुसऱ्यात सरपटणारं हे पात्र या चित्रपटातली खरी नवी निर्मिती आहे. त्याच्या प्रत्येक हाताला वेगळा स्वभाव असल्यासारखं वाटतं. त्याला समुद्र नको आहे. मुलांच्या हाताळणीच्या हौदात बोटं बाँबसारखी पाण्यात कोसळतात, तेव्हा त्याची शाई सुटते. तेवढ्यावरून त्याची भीती कळते. डोरीच्या पंखावरचा बिल्ला मिळवून क्लीव्हलँडला जावं आणि काचेच्या पेटीत एकट्याने आयुष्य काढावं, हा त्याचा बेत. डोरी त्याला समजावते की चांगल्या गोष्टी योजना न आखताच घडतात. त्यानंतर त्याच्या मनात जे काही होतं, ते सुकाणूचक्राला झोंबणाऱ्या सात हातांच्या धांदलीत होतं. ज्याने पूर्ण चित्रपटभर काचेचा हट्ट धरला, त्याने तो कधी सोडला, हे दिसावं म्हणून स्टँटनने ट्रक जरा वेळ थांबवायला हवा होता.