न विचारलेले प्रश्न : डेबियनच्या इन्स्टॉलरची चिकित्सा

संगणकावर कार्यप्रणाली बसवून देणारा इन्स्टॉलर हा स्वरूपतः एक संवादच होय. यंत्र प्रश्न विचारते, मनुष्य उत्तरे देतो. प्रश्न फार झाले तर नवशिका गोंधळतो. फार थोडे झाले तर जाणत्याच्या हातून निर्णय निसटतो. डेबियन या मुक्त प्रणालीच्या ३.१ या आवृत्तीबरोबर २००५ मध्ये आलेल्या इन्स्टॉलरने हा पेच कसा सोडविला, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

प्रश्न गाळावयाचे नाहीत, त्यांची प्रतवारी लावावयाची, ही त्यामागील मूळ कल्पना. ज्याचे गृहीत उत्तर जवळजवळ सर्वांना चालेल तो प्रश्न कनिष्ठ. ज्याला वाजवी गृहीत उत्तर आहे तो मध्यम. ज्याला ते नाही तो उच्च. आणि ज्याच्या उत्तरावाचून प्रणाली बिघडण्याचा संभव आहे तो निर्णायक. नेहमीच्या पद्धतीत वरच्या दोन श्रेणींतीलच प्रश्न पुढे येतात; ‘तज्ज्ञ’ पद्धतीत सर्वच येतात. एकाच प्रश्नसंचातून दोन भिन्न संवाद निर्माण करणारी ही योजना निःसंशय कुशल आहे. डिस्कवर बदल लिहिण्यापूर्वीच्या अखेरच्या प्रश्नाचे गृहीत उत्तर ‘नाही’ असे ठेवण्यातही हेच तारतम्य दिसते. घाईने कळ दाबणाऱ्याची माहिती त्यामुळे वाचते.

तथापि, न विचारलेला प्रश्न अनुत्तरित राहत नाही. त्याचे उत्तर रचनाकाराने वापरणाऱ्याच्या वतीने देऊन ठेवलेले असते. ते ‘वाजवी’ कोणाच्या दृष्टीने, हा खरा वाद आहे. डिस्कच्या विभागणीत ‘सर्व फाइली एकाच विभागात’ या पर्यायापुढे नवीन वापरकर्त्यांसाठी शिफारस केलेली आढळते. हे विधान वाचकाचे वर्णन करते, पर्यायाचे नव्हे. वैयक्तिक फाइली वेगळ्या विभागात ठेवल्यास पुढे प्रणाली नव्याने बसविताना त्या राखणे सुकर होते, मात्र विभागांचे आकार आधीच ठरवावे लागतात, हा लाभहानीचा हिशेब त्यात येत नाही. नवशिक्याला नेमका तोच हवा असतो.

शिवाय वापरणाऱ्यांतील भेद केवळ कौशल्याचा नसतो. २००९ च्या डेबियन ५.० मध्ये मराठीचा समावेश झाला, परंतु केवळ चित्रमय पद्धतीत. अक्षरपद्धतीच्या साध्या पटलाला देवनागरीची जोडाक्षरे पेलत नाहीत. चित्रमय पद्धतीला मेमरी अधिक लागते, आणि ती अपुरी पडल्यास इन्स्टॉलर आपोआप अक्षरपद्धतीकडे वळतो. अर्थात्, जुन्या यंत्राचा धनी आपल्या भाषेलाही मुकतो. नवशिका आणि तज्ज्ञ या एकाच शिडीवर त्याला कोठेच पायरी नाही.

तात्पर्य, प्रश्नांची संख्या हा इन्स्टॉलरच्या गुणवत्तेचा अंतिम निकष नव्हे. थोडे विचारावे, पण जे विचारावे त्याचा परिणाम सांगून विचारावे; आणि जे गृहीत धरले ते कोणासाठी धरले, हे लपवू नये.