पाहुणा डेलिटा : एका जपानी खेळातील जन्म आणि इतिहास

मागच्या सत्रातली गोष्ट. मोकळ्या तासाला प्राध्यापक-कक्षात बसून मी मोबाइलवर एक जुना जपानी खेळ खेळत होतो. शेजारी बसलेल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी डोकावून पाहिले आणि म्हणाले, "अहो सर, निदान तुम्ही तरी हे करू नका. आपल्या लोकांना हे परवडणारे नाही." ते चळवळीतले आहेत, मला वडिलांसारखे आहेत. त्यांचे बोलणे लागले, कारण त्यात तथ्य होते.

खेळायला फुरसत लागते. माझ्या आईला ती कधी मिळाली नाही. दिवसभर दुसऱ्याच्या रानात निंदणी, घरी आल्यावर चूल, आणि हप्त्याच्या शेवटी मुकादम देईल ती मजुरी. अशा घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. मला या खेळांची ओळख वसतिगृहात झाली. एका खोलीतल्या मित्राने जुना संगणक विकत घेतला होता आणि त्यावर आम्ही चौघे पाळीपाळीने रात्री जागत असू. या खेळांत उड्या मारण्यापेक्षा वाचणे जास्त असते. पडद्यावर इंग्रजी संवाद येत, आणि मी मांडीवर शब्दकोश घेऊन बसे. माझे इंग्रजी वर्गात सुधारले त्यापेक्षा तेथे जास्त सुधारले. तरीही मी ही आवड अनेक वर्षे लपवली. साहित्यावर बोलणाऱ्या माणसाने कथा-कवितेबद्दल बोलावे, खेळाबद्दल नाही, असा एक समज आपल्यातही आहे.

हा समज तपासून पाहिला पाहिजे. कोणत्याही कलाकृतीला आपण एक प्रश्न विचारत आलो आहोत : हिच्यात माणसाला कोणते स्थान आहे? आमचे आजचे विद्यार्थी पुस्तकापेक्षा मोबाइलवर अधिक वेळ घालवतात. त्यांच्या हातातल्या कलाकृतीला हा प्रश्न कोण विचारणार? म्हणून या लेखात मी एका खेळाला तीच कसोटी लावतो.

प्रथम या प्रकाराविषयी थोडे. १९८६ साली जपानमध्ये ‘ड्रॅगन क्वेस्ट’ हा खेळ आला. युजी होरी हे त्याचे रचनाकार. पुढच्याच वर्षी, १९८७ साली, हिरोनोबू साकागुची यांचा ‘फायनल फँटसी’ आला. जपानी ‘रोल-प्लेइंग गेम’चा साचा या दोन मालिकांनी घडवला. एक तरुण घर सोडतो, सोबती जमवतो, वाटेत लढाया करतो. प्रत्येक लढाईमागे त्याला अनुभवाचे गुण मिळतात, गुण साठले की त्याची पातळी वाढते, आणि शेवटी तो जगावरचे संकट दूर करतो.

या साच्यात जन्माचा प्रश्न पहिल्यापासून बसलेला आहे. पहिल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’चा नायक हा लोतो नावाच्या प्राचीन वीराचा वंशज आहे. म्हणजे जग वाचवण्याची पात्रता रक्तातून येते! पण १९८८ साली आलेल्या तिसऱ्या भागात एक वेगळी गोष्ट दिसते. तेथे दामा नावाचे एक मंदिर आहे. जपानी नाव आपल्या ‘धर्म’ शब्दाची आठवण करून देणारे. विसाव्या पातळीला पोचलेला कोणीही सोबती या मंदिरात जाऊन आपला पेशा बदलू शकतो. लढवय्याला मांत्रिक होता येते. बदल्यात पुन्हा पहिल्या पातळीपासून सुरुवात करावी लागते, एवढीच अट. ज्या देशात धर्मानेच धंदा बदलायला बंदी केली, त्या देशातल्या वाचकाला हे मंदिर पाहून काय वाटेल, ते सांगायला नको. मात्र याच खेळात नायकाला पेशा बदलता येत नाही. तो वीराच्या पोटी जन्मलेला वीरच राहतो. मंदिराचे दार उघडले, पण वंशाची चौकट शाबूत राहिली.

दुसरी गोष्ट श्रमाची. पातळी वाढवण्यासाठी त्याच त्या लढाया पुन्हा पुन्हा कराव्या लागतात. खेळणारे तिला ‘ग्राइंडिंग’ म्हणतात. आपल्याकडे तेच ते दळण दळणे म्हणतात, तसेच हे. कंटाळवाणे असूनही माणूस ते तासन्‌तास करतो, आणि मीही केले आहे. त्यात एवढे सुख का वाटते याचा मी पुष्कळ विचार केला. कारण असे की या जगात एकही श्रम वाया जात नाही. प्रत्येक घावाची नोंद होते आणि मोबदला ठरल्याप्रमाणे मिळतो. मध्ये मुकादम नाही. माझ्या आईने आयुष्यभर जे दळण दळले, त्याने तिची पातळी एका अंकानेही वाढली नाही. ‘मेहनत करा म्हणजे वर याल’ हे गुणवत्तेचे तत्त्वज्ञान आपल्याला उठता-बसता ऐकवले जाते. ते तत्त्वज्ञान जेथे खरोखर लागू पडते, असे जग या खेळांनी उभे केले. या खेळांचे आकर्षण त्यात आहे, आणि त्यांचे असत्यही त्यातच आहे.

हे असत्य ज्या खेळाने स्वतःच उघडे पाडले, त्याच्याकडे आता वळतो. ‘फायनल फँटसी टॅक्टिक्स’ हा खेळ १९९७ साली स्क्वेअर कंपनीने प्रसिद्ध केला. दिग्दर्शक यासुमी मात्सुनो. याच वर्षी आलेला ‘फायनल फँटसी सात’ जगभर गाजला. त्यातल्या मिडगार शहरात पोलादी तबकडीवर वर श्रीमंत राहतात आणि खाली तिच्या सावलीत झोपडपट्टी. तो खेळ मोठा आहे यात वाद नाही. पण वर-खाली ही विभागणी तेथे दृश्यात दिसते, तर ‘टॅक्टिक्स’मध्ये ती माणसांच्या नात्यांत उतरते.

इव्हॅलीस हे एक काल्पनिक राज्य. पन्नास वर्षांचे युद्ध संपले आहे. लढलेल्या सामान्य शिपायांना पगार न देता घालवून दिले आहे, आणि त्यांतले काही वीग्राफ नावाच्या माणसाच्या नेतृत्वाखाली बंड करून उठले आहेत. रॅम्झा हा बिओल्व्ह या बड्या सरदार घराण्यातला धाकटा मुलगा. त्याची आई मात्र सामान्य कुळातली. डेलिटा हा त्याचा जिवलग मित्र. साथीच्या रोगात डेलिटाचे आईवडील गेले, तेव्हा रॅम्झाच्या वडिलांनी त्याला आणि त्याची धाकटी बहीण टिएट्रा हिला आश्रय दिला, शिक्षण दिले. दोघे मित्र एकाच सैनिकी विद्यालयात शिकतात, एकाच पलटणीत लढतात.

खेळाच्या नियमांत या दोघांत काहीच फरक नाही. दोघांचे कौशल्य त्याच मापाने मोजले जाते. पण १९९७च्या मूळ खेळात एक बारीक गोष्ट आहे. डेलिटा आपल्या बाजूने लढतो, पण त्याला हुकूम देता येत नाही. संगणक त्याला चालवतो, आणि त्याच्या नावापुढे ‘पाहुणा’ अशी नोंद असते. बिओल्व्हच्या वाड्यातही तो पाहुणाच. कौतुकाने वाढवलेला, चांगले खाऊ-पिऊ घातलेला पाहुणा. टिएट्रा सरदारांच्या मुलींबरोबर शाळेत जाते आणि तेथे तिला कुळावरून टोचले जाते.

याच पलटणीत आर्गाथ नावाचा तरुण येतो. त्याचे घराणे सरदारांचे, पण आजोबांच्या फितुरीमुळे मानातून उतरलेले. बंडातली मिल्युडा ही वीग्राफची बहीण. तुम्ही आणि आम्ही सारखीच माणसे नाही का, असा तिचा सवाल आहे. त्यावर आर्गाथ तिला माणसांतून काढून गुरांत ढकलतो, आणि देवसुद्धा तुमचा नाही असे सुनावतो. लक्षात घ्या, हे बोलणारा सर्वांत वरचा माणूस नाही. वरच्या शिडीवरून घसरून शेवटच्या पायरीला लोंबकळणारा माणूस हे बोलतो. ज्याच्याजवळ जन्माशिवाय काहीच उरलेले नाही, तो जन्म सर्वांत घट्ट धरतो. उतरंडीच्या समाजाचे हे मर्म आपल्याला बाबासाहेबांनी समजावून दिले आहे. एका जपानी खेळात ते इतके नेमके सापडेल असे मला वाटले नव्हते.

बंडखोर टिएट्राला बिओल्व्हची मुलगी समजून पळवून नेतात. झीकडेनच्या किल्ल्यावर तिला ढाल करून एक बंडखोर उभा राहतो. रॅम्झाचा थोरला भाऊ झालबाग हुकूम देतो, आणि आर्गाथ बाण सोडतो. पहिला बाण टिएट्राला लागतो. ती खरोखर बिओल्व्हची असती तर तो हुकूम निघाला असता का? खेळ हा प्रश्न शब्दांत विचारत नाही. डेलिटाला त्या क्षणी उत्तर कळते, आणि वाचणाऱ्यालाही.

हा प्रसंग मी प्रथम वाचला ती रात्र मला आठवते. मी संगणकापासून उठून गच्चीवर गेलो. माझी धाकटी बहीण नववीत शाळेतून काढली गेली. दोघांचा खर्च झेपत नव्हता, आणि मुलगा हुशार होता. ती माझ्याबद्दल आजही अभिमानाने बोलते. वाड्यात पाहुणा म्हणून बसायला मिळते, तेव्हा त्याची किंमत कोणीतरी दुसरेच मोजत असते. हे मला माहीत होते. पण मी ते स्वतःशी कधी बोललो नव्हतो.

पुढे डेलिटा ठरवतो की आता मी वापरला जाणार नाही, मीच इतरांना वापरीन. तो दोन्ही पक्षांना खेळवतो, राजकन्या ओव्हेलियाशी लग्न करतो आणि राजा होतो. सामान्य कुळातला राजा! पण त्याच्या राज्यात बिनपगारी शिपायांचे काय झाले, याबद्दल खेळ एक शब्द सांगत नाही. शेवटी राणीच त्याच्यावर खंजीर चालवते, तो तिच्यावर उलट वार करतो, आणि मग तेथे नसलेल्या मित्राला उद्देशून विचारतो की तुला काय मिळाले आणि मला काय मिळाले. आपल्यातला एक सिंहासनावर बसला म्हणजे सिंहासन बदलते का, हा प्रश्न आपल्या कार्यकर्त्यांना नवा नाही.

इतिहासाची बाजूही पाहण्यासारखी आहे. राजमान्य इतिहासात डेलिटा वीर म्हणून अमर होतो. रॅम्झाला धर्मसंस्था पाखंडी ठरवते आणि त्याचे नाव पुसून टाकते. ओरान दुराई हा खरे काय घडले ते लिहून ठेवतो, म्हणून त्याला जाळले जाते. त्याचे कागद शतकानुशतके दडवले जातात. त्याच्याच वंशातला एक इतिहासकार पुढे ते कागद घेऊन आपल्याला ही कथा सांगतो. कोणाचे लिहिणे टिकते आणि कोणाचे जळते, हे या खेळाचे खरे कथानक आहे.

आता त्याचे दोष. पहिला दोष मोठा आहे. अर्ध्या वाटेवर हा खेळ समाजातून उठून भुतांकडे जातो. जादूच्या शिळा आणि त्यांत दडलेले राक्षस पुढे येतात. आणि बंडाचा नेता वीग्राफ मरताना अशाच शिळेशी सौदा करून राक्षस होतो. ज्याच्या तोंडी न्यायाची भाषा होती त्यालाच राक्षस करणे, ही लेखकाची पळवाट आहे. राक्षसाला मारता येते, पण सरंजामशाहीला मारण्याचा नियम या खेळात नाही. दुसरा दोष : पलटणीत आपण पैसे देऊन भरती केलेले शिपाई सगळ्या लढाया लढतात, मरतात, पण कथेच्या प्रसंगांत ते बोलत नाहीत. बोलण्याचा अधिकार नाव असलेल्यांनाच. तिसरा : पेशा कोणालाही बदलता येतो, पण गायक फक्त पुरुषाने व्हायचे आणि नर्तकी फक्त स्त्रीने. समतेला पडलेले हे भोक लहान नाही.

आणखी एक विचार मनात येतो. जपानमध्ये बुराकू समाजावर जन्मावरून अस्पृश्यता लादली गेली होती. १८७१ साली सरकारी फर्मानाने ती कायद्यातून उठली, पण समाजातून उठली नाही. १९२२ साली क्योतोमध्ये त्या समाजाने ‘सुइहेइशा’ ही समतेची संघटना उभारली. ज्या देशाला हा इतिहास आहे, त्या देशातला हा खेळ जन्माविषयी बोलतो तेव्हा युरोपातल्या सरदारांचा पोशाख घालून बोलतो. परक्या वेशात सत्य बोलणे सोपे जाते, हे खरे. पण आपल्या घरातला माणूस त्यात आपल्याच वेशात येत नाही, हेही तितकेच खरे.

२००७ साली या खेळाची नवी आवृत्ती आली, पुढे ती मोबाइलवर मिळू लागली, आणि २०२५ साली पुन्हा एक आवृत्ती निघाली. म्हणजे हा खेळ वाचला जातो आहे. माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना मी त्या दिवशी उत्तर दिले नाही. आज देतो. सर, फुरसतीबद्दल तुमचे म्हणणे मला मान्य आहे. पण आपली मुले खेळतच आहेत. त्यांना खेळू नका म्हणण्यापेक्षा, टिएट्रावर बाण का सुटला, भाडोत्री शिपाई का बोलत नाही, आणि डेलिटाच्या नावापुढे पाहुणा असे का लिहिले आहे, हे विचारायला शिकवू या. हे प्रश्न ज्याला खेळात पडतील, त्याला ते वर्गात, कचेरीत आणि प्राध्यापक-कक्षातही पडतील.