मेणाच्या झाकणापर्यंत

माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडच्या आसपास, बोरी-बाभळीच्या रानात, फुलोरी माशीचं पोळं तळहाताएवढं असतं. फांदीला वेढून वर फुगलेला भाग म्हणजे कांदा. मध तिथे साठतो, अंडी-अळ्या खालच्या घरांत वाढतात. या कांद्यातल्या मधाचा एकेक गुण सावकाश चाखावा, कारण प्रत्येक गुणामागे कुणाचं तरी काम आहे.

पहिला येतो वास. तो फुलांचा. कार्तिक-मार्गशीर्षात तूर, पौष-माघात करडई, चैत्रात कडुलिंब. हंगाम पालटतो तसा मधाचा रंग आणि गंधही पालटतो.

मग गोडी. फुलातल्या रसात मुख्यतः साधी साखर आणि भरपूर पाणी असतं. माशी तो सोंडेने ओढून पोटातल्या वेगळ्या पिशवीत भरते आणि वाटेतच तिची विकरं त्यात मिसळतात. इन्व्हर्टेज हे विकर साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन भाग करतं. फ्रुक्टोज साखरेहून गोड, म्हणून मधाची गोडी जिभेवर लगेच उमटते.

खरी कारागिरी दाटपणात आहे. रस आणणाऱ्या माशा वयाने थोर. त्या तो पोळ्यातल्या तरुण माशांच्या तोंडी देतात, म्हणजे मध पिकवणाऱ्यांपैकी अनेकींनी ते फूल पाहिलेलंही नसतं. त्या थेंब सोंडेवर पुन्हा पुन्हा पसरतात, आत घेतात, पातळ थरात घराच्या भिंतींना लावतात आणि पंखांनी वारा घालतात. पाणी उडत उडत साधारण पाचव्या हिश्शावर आलं की घरावर मेणाचं झाकण बसतं. मध पिकल्याची ही माशांनी स्वतः दिलेली ग्वाही. बोटावरून तुटता तुटत नाही ती तार या साऱ्या श्रमांची.

शेवटी जिभेच्या कडेला बारीक आंबटपणा लागतो. ग्लुकोज ऑक्सिडेज या दुसऱ्या विकरामुळे ग्लुकॉनिक आम्ल तयार होतं, सोबत किंचित हायड्रोजन पेरॉक्साइड. दोन्ही मधाला जंतूंपासून राखतात. या आंबटपणामुळेच गोडी मवाळ होत नाही, तिला धार येते.

थंडीत मध दाणेदार झाला की लोक भेसळीचा संशय घेतात. पण दाणे धरणं हा अस्सल मधाचाही स्वभाव आहे. ग्लुकोज स्फटिक होऊन तळाशी बसतं, एवढंच.

म्हणून मध काढणाऱ्याने झाकण लागलेला कांदाच कापावा आणि अंडी-अळ्यांचं पोळं फांदीवर राहू द्यावं. उघड्या घरांतला रस पाणचट असतो, तो पुढे आंबतो. अळ्यांसकट पिळलेल्या मधात वास, धार, तार सगळं गढूळ होतं. फुलाने दिलेलं आणि माशांनी घडवलेलं वेगवेगळं ओळखू येईल इतका स्वच्छ मध, तोच माझ्या लेखी उत्तम.