पाणथळाची व्याख्या आणि खानदेशातील जलाशय : परवाना-व्यवस्थेची चिकित्सा

प्रास्ताविक

जळगाव, धुळे आणि १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार हे जिल्हे मिळून होणारा खानदेश म्हणजे प्रामुख्याने तापीचे खोरे होय. पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, बुराई या तिच्या उपनद्या. पावसाळा ओसरला की यांतील बहुतेक पात्रे डोहापुरती ओली राहतात. काश्मीर किंवा केरळप्रमाणे येथे विस्तीर्ण नैसर्गिक सरोवरे नाहीत. या प्रदेशात साचलेले पाणी आढळते ते धरणाच्या भिंतीमागे, गावतळ्यात, बंधाऱ्याच्या फुगवट्यात आणि नदीच्या डोहात. ही वस्तुस्थिती साधी आहे. परंतु पाणथळ जागांच्या रक्षणासाठी केलेले केंद्रीय नियम तिच्या प्रकाशात वाचले असता एक मूलभूत विसंगती समोर येते. प्रस्तुत लेखाचा विषय ती विसंगती हा आहे.

व्याख्येतील अपवाद

१९७१ च्या रामसर कराराने पाणथळाची उदार व्याख्या केली. नैसर्गिक वा कृत्रिम, कायम वा हंगामी, स्थिर वा वाहते असे सर्व पाणी तीत सामावते. भारताने हा करार १९८२ मध्ये स्वीकारला. केंद्र शासनाने डिसेंबर २०१० मध्ये प्रसृत केलेल्या पाणथळ (संवर्धन व व्यवस्थापन) नियमांनी बव्हंशी हीच भूमिका घेतली होती. नदीचे मुख्य पात्र आणि भातखाचरे त्यांनी वगळली, पण जलाशय, तलाव व मानवनिर्मित पाणथळे यांचा स्पष्ट उल्लेख केला; शिवाय २,५०० मीटरपेक्षा कमी उंचीवरील, ५०० हेक्टर वा त्याहून मोठी पाणथळे संरक्षणाच्या कक्षेत आणली.

सप्टेंबर २०१७ मध्ये नवे नियम आले. त्यांनी निर्णयाचे अधिकार राज्यांच्या पाणथळ प्राधिकरणांकडे सोपविले, आणि तेवढ्यापुरते ते पाऊल स्वागतार्ह होते. मात्र व्याख्येची सुरुवात जवळजवळ तशीच ठेवून तिच्या शेपटाला अपवादांची यादी वाढविण्यात आली. नदीपात्र व भातखाचरे यांच्या जोडीला पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले साठे वगळले गेले. तसेच मत्स्यशेती, मीठ-उत्पादन, मनोरंजन आणि सिंचन यांसाठी खास उभारलेली बांधकामेही वगळली गेली.

हे वाक्य खानदेशाच्या नकाशावर ठेवून पाहावे. नदी वगळली गेली, धरण वगळले गेले. पाझर तलावाविषयी वाद घालता येईल. गावतळे वाचेल, पण त्याचे पाणी कधीकाळी पिण्यासाठी योजिले होते असे दप्तरात निघाले तर तेही नाही. नियमाच्या चौथ्या कलमात अतिक्रमण, कारखाने, घनकचरा, प्रक्रिया न केलेले सांडपाणी, तसेच गेल्या दहा वर्षांच्या सरासरी महत्तम पूरपातळीपासून ५० मीटरच्या आतील पक्के बांधकाम यांना मनाई आहे. मनाई कडक आहे. ती लागू व्हावी असे पाणी मात्र या खोऱ्यात अपवादानेच उरते.

या व्याख्येचा दोष केवळ संकुचितपणाचा नाही. ती पाण्याच्या जन्माचा हेतू विचारते, त्याच्या आजच्या स्थितीविषयी काहीच विचारत नाही.

हतनूरचे उदाहरण

चांगदेव येथील तापी-पूर्णा संगमाच्या खालच्या अंगाला, भुसावळजवळ हतनूरचे धरण १९८२ मध्ये पूर्ण झाले, म्हणजे ज्या वर्षी भारत रामसर करारात सामील झाला त्याच वर्षी. धरण सिंचनासाठी बांधले हे खरेच. परंतु चार दशकांत दोन्ही नद्यांच्या पुराबरोबर आलेल्या गाळाने जलाशयाचा मोठा भाग उथळ झाला. अभियंत्याच्या ताळेबंदात हा गाळ तोटा म्हणून नोंदला जातो. पाणपक्ष्यांच्या दृष्टीने मात्र उथळ काठ, चिखलपट्टे आणि पाणवनस्पती हेच घर असते. हिवाळ्यात येथे स्थलांतरित पाणपक्षी उतरतात, आणि देशातील महत्त्वाच्या पक्षीक्षेत्रांच्या यादीत हतनूरचे नाव आले ते याच कारणाने. ज्या गाळाने धरणाची उपयुक्तता घटविली त्याच गाळाने पाणथळ घडविले. नियमाच्या नजरेत मात्र ते अजूनही १९८२ चे धरणच आहे.

या जलाशयावर परवाने नाहीत असे नव्हे. ते अनेक आहेत. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनी हंगामापुरत्या भाडेपट्ट्याने कसायला देण्याची पद्धत राज्यभर आहे. मासेमारीचा ठेका असतो. औद्योगिक वापरासाठी पाण्याचे आरक्षण असते. प्रत्येक परवान्यामागे एक खाते आहे आणि प्रत्येक खात्याला आपापला हिशोब आहे. पक्षी उतरण्याच्या महिन्यांत गाळपेराच्या पट्ट्यात कोणते कीटकनाशक फवारले जाते, हा प्रश्न यांपैकी कोणत्याही हिशोबात बसत नाही.

येथे नाशिक जिल्ह्यातील नांदूरमधमेश्वरची तुलना अपरिहार्य ठरते. गोदावरी-कादवा संगमावरील हा बंधारा विसाव्या शतकाच्या आरंभी सिंचनासाठीच बांधला गेला. तोही गाळाने भरला, तेथेही पक्षी आले. १९८६ मध्ये तेथे अभयारण्य झाले आणि २०१९ मध्ये तो महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरला. जो गुण नांदूरमधमेश्वरला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळवून देतो, तोच हतनूरला नियमाच्या कक्षेबाहेर ठेवतो. दोहोंत फरक पाण्याचा नसून दप्तराचा आहे.

शासनाच्याच दोन दस्तऐवजांतही हा विसंवाद दिसतो. अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राने उपग्रहचित्रांवरून तयार केलेल्या राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रहात ७,५७,०६० पाणथळे मोजली गेली. त्यांपैकी २.२५ हेक्टरपेक्षा मोठी २,०१,५०३ होती. या मोजणीत जलाशय व बंधारे यांचा स्वतंत्र वर्ग आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये याच २,०१,५०३ पाणथळांना २०१० च्या नियमांतील तत्त्वांनुसार संरक्षण देण्याचा आदेश दिला. सातच महिन्यांनी आलेल्या नियमांनी त्यांतील कित्येकांना व्याख्येतून बाहेर काढले. उपग्रहाला जे पाणथळ दिसते ते नियमाला दिसत नाही, अशी ही अवस्था आहे. व्याख्या आखडली की परवाना घेण्याची गरजच संपते, हा अनुभव भारतापुरता नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या सॅकेट खटल्यात संरक्षित जलाशी पृष्ठभागावर सलग जोडलेली पाणथळेच कायद्याखाली येतात असे ठरविले, आणि तेथील फार मोठे पाणथळ क्षेत्र केंद्रीय परवान्याच्या कक्षेबाहेर गेले.

सिंचन खात्याची बाजूही ऐकली पाहिजे. धरणाखाली लोकांच्या जमिनी गेल्या त्या शेतीला पाणी मिळावे म्हणून. दारांची दुरुस्ती, गाळ काढणे, कालव्यास आवर्तन सोडणे यांसाठी प्रत्येक वेळी दुसऱ्या प्राधिकरणाच्या दाराशी जावे लागले तर शेतकऱ्याचेच नुकसान होईल. हा आक्षेप रास्त आहे, पण त्याचे उत्तर २०१७ च्या नियमांतच आहे. सुजाण वापर हे या नियमांचे घोषित तत्त्व असून, पाणथळ अधिसूचित करताना लोकांचे पूर्वापार हक्क आणि चालू ठेवावयाची कामे नमूद करण्याची तरतूद त्यांत आहे. आवर्तनाला मुभा आणि भरावाला मनाई या दोन्ही गोष्टी एकाच अधिसूचनेत लिहिता आल्या असत्या. सरसकट वगळण्याची आवश्यकता नव्हती.

नदीचे परवाने

नदीपात्र वगळण्यामागे, नदीसाठी अन्य कायदे आहेत असे गृहीत असावे. महाराष्ट्रात ते गृहीत कितपत टिकते? राज्याने २००० मध्ये नदी नियमन क्षेत्र धोरण आणले, २००९ मध्ये ते सुधारले. नद्यांचे वर्ग पाडून पात्रापासून ठरावीक अंतरात कारखान्यांना मनाई करणारे हे धोरण फेब्रुवारी २०१५ मध्ये रद्द झाले. त्याची अंमलबजावणी सदोष असेल. पण पात्राच्या शेजाराला त्याच्या प्रदूषणक्षमतेवरून तोलणारे ते एक साधन होते. ते गेल्यावर उरल्या त्या प्रामुख्याने पूररेषा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई आणि दोहोंमधील पट्ट्यात निर्बंध असतात. ऑगस्ट २०२१ अखेरच्या पुरात तितूर व डोंगरी नद्यांनी चाळीसगावात जो हाहाकार केला, त्यानंतर या रेषांचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही. तथापि पूररेषा माणसाला नदीपासून वाचविते. नदीला माणसापासून वाचविणे हे तिचे काम नाही.

राहता राहिली वाळू. गिरणेच्या पात्रातील वाळू हा जळगाव जिल्ह्यात महसुलाचा, राजकारणाचा आणि रात्रीच्या वाहतुकीचा विषय आहे. २०१२ च्या दीपक कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरपेक्षा लहान क्षेत्रातील उत्खननालाही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक ठरविली. त्यानंतर राज्याची वाळू धोरणे वारंवार बदलली: २०१९ चे लिलाव, २०२३ ची शासकीय डेपोंची पद्धत, २०२५ मध्ये पुन्हा लिलाव. हे सर्व बदल वाळू कोणी विकावी आणि कोणत्या दराने, याभोवती फिरतात. परवान्याचे एकक ब्रास आहे. पात्रातील वाळूचा थर पाणी धरून ठेवतो आणि काठच्या विहिरी त्यावर जगतात, हे केळी व कापसाच्या पट्ट्यातील कोणताही शेतकरी सांगेल. पण किती ब्रास काढल्यावर किती विहिरींचे पाणी किती खाली गेले, ही नोंद ठेवण्याची जागा परवान्याच्या अर्जात मुख्य नाही. वाळू ही नदीपासून सुटी करता येणारी वस्तू आहे, हे गृहीतच तेथे मुळाशी आहे.

फड : अनुमतीची जुनी रीत

धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी फड पद्धतीने पाणी वाटले जात असे, आणि काही गावांत ती रीत पुष्कळ काळ टिकली. बंधाऱ्याखालील क्षेत्राचे फड पाडून कोणत्या फडात कोणते पीक घ्यावयाचे हे लाभधारक मिळून ठरवीत. पाटकरी पाणी फिरवी, जागल्या राखण करी. ही एक परवाना-व्यवस्थाच होती. तिचा गुण असा की, अनुमती देणारा आणि तिचे परिणाम भोगणारा एकच होता. बंधाऱ्याला तडा गेला तर कागद पुढे सरकण्याची वाट पाहावी लागत नसे. तिचे गौरवीकरण मात्र टाळले पाहिजे. ज्याला जमीन नाही त्याला तेथे आवाज नव्हता, आणि पक्ष्यांचा विचार त्या सभेतही कोणी केला नसणार. वरच्या अंगाला धरणे झाली तेव्हा फडाच्या सभेला कोणी विचारले नाही. पाण्याचा निर्णय नदीच्या काठावरून कार्यालयात गेला तो तेव्हापासून.

हतनूरपुरते पाहिले तर वाट एका शब्दात अडकली आहे. नियम ‘खास सिंचनासाठी’ असे म्हणतो. हतनूरचे पाणी शेताबरोबरच दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्रालाही जाते, नागरी वस्तीलाही जाते. ज्या जलाशयाचा वापर एवढा मिश्र आहे तो ‘खास’ सिंचनाचा कसा, हा प्रश्न राज्य पाणथळ प्राधिकरणापुढे नियमाच्याच भाषेत मांडता येतो. त्यासाठी लागणाऱ्या संक्षिप्त दस्तऐवजात सीमा, प्रभावक्षेत्र, परिसंस्थेचे स्वरूप आणि पूर्वापार हक्क नमूद करावे लागतात. भुसावळ, रावेर व मुक्ताईनगर परिसरातील महाविद्यालयांचे प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि भूगोल विभाग ही माहिती गोळा करू शकतात. हिवाळी पक्षीगणनेसोबत गाळपेर कसणाऱ्यांची आणि मासेमारी करणाऱ्या कुटुंबांची नोंद त्याच वहीत झाली, तर तिला प्राधिकरणापुढे अधिक वजन येईल.