उसने रंग, स्वतःचे गंध

हेलन केलर यांचे 'द स्टोरी ऑफ माय लाइफ' (१९०३) हे आत्मकथन आपल्याकडे बहुधा जिद्दीची कथा म्हणून वाचले जाते. आम्हांस ते पुन्हा उघडावेसे वाटते ते एका वाङ्मयीन प्रश्नासाठी: न पाहिलेल्या ऋतूविषयी लिहावयाचे तर शब्द आणावयाचे कोठून?

एकोणीस महिन्यांच्या वयात हेलनची दृष्टी आणि श्रवणशक्ती दोन्ही गेली. अकराव्या वर्षी, १८९१ मध्ये, तिने शरदातील पानांच्या रंगांवर 'द फ्रॉस्ट किंग' ही कथा लिहून पर्किन्स संस्थेचे प्रमुख मायकेल अनाग्नोस यांना वाढदिवसाची भेट म्हणून पाठविली. ती छापली गेली आणि मार्गारेट कॅनबी यांच्या जुन्या कथेशी तिचे विलक्षण साम्य उघड झाले. १८९२ मध्ये त्या मुलीची रीतसर चौकशी झाली. कॅनबींची कथा कधीकाळी आपल्याला ऐकविली गेली होती, हे तिला आठवतही नव्हते.

याच पुस्तकातील दुसरा प्रसंग त्याशेजारी ठेवून पाहावा. लहानगी हेलन रानचेरीच्या झाडावर एकटी बसली आहे; शिक्षिका ॲन सुलिव्हन जेवण आणावयास घरी गेल्या आहेत. हवेतील ऊब एकाएकी नाहीशी होते आणि जमिनीतून चमत्कारिक वास वर येतो. वादळाआधीचा हा वास तिच्या ओळखीचा आहे, म्हणूनच ती भेदरते. त्यानंतर बराच काळ ती झाडावर चढत नाही. पुढे वसंतातील एका सकाळी मिमोसाच्या फुलांचा दरवळ येतो आणि त्याच्या ओढीने ती पुन्हा चढते. वर पोहोचल्यावर मात्र उपमा येते ती गुलाबी ढगावरच्या परीची! दरवळ तिचा स्वतःचा. गुलाबी रंग उसना. वाचकाच्या मनात राहतो तो दरवळच.

स्वतः अंध असलेले मानसशास्त्रज्ञ थॉमस कट्सफोर्थ यांनी १९३३ मध्ये याच उसनवारीवर कठोर टीका केली. त्यांचा रोख मुख्यतः शिक्षणावर होता: अंध मुलाला डोळसांचे शब्द शिकविताना त्याचा स्वतःचा अनुभव कमी लेखला जातो. टीका आम्हांस पटते. पण केलर यांनी 'द वर्ल्ड आय लिव्ह इन' (१९०८) मध्ये गंधावर स्वतंत्र प्रकरण लिहिले, हेही तिच्यासोबत सांगितले पाहिजे.

हा प्रश्न आपल्या घरांनाही टाळता येणार नाही. माळव्यात, वडोदऱ्यात, हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या राहूनही पावसावर लिहावयास बसलो की आपल्या लेखणीतून पाठ्यपुस्तकातला सह्याद्रीच उतरतो. दर्प, परिमळ, खमंग, कुबट, उग्र असे गंधाचे नेमके शब्द मराठीत कितीतरी आहेत. काळ्या मातीवर पडलेल्या पहिल्या सरीचा वास आपल्या नाकाला ठाऊक आहे. तो आपल्या मराठीत अद्याप का उतरला नाही, याचे उत्तर आपणच द्यावयाचे आहे.