एक खेळी, तीन उत्तरे

मधल्या सुट्टीत मुलांच्या गप्पा ऐकल्या, तर मारामारीच्या व्हिडिओ गेमचा विषय हमखास निघतो. हे खेळ म्हणजे डोके बाजूला ठेवून बटणे बडवणे, असे आपण मोठी माणसे मानतो. हे मत तपासून पाहण्यासाठी जपानच्या कॅपकॉम कंपनीचा, २००८ साली प्रथम आलेला ‘स्ट्रीट फायटर ४’ हा खेळ घेऊ. सगळ्या खेळाचे परीक्षण येथे करायचे नाही. खेळाडू जिला ‘ऑप्शन सिलेक्ट’ म्हणतात त्या जातीची एकच युक्ती पाहू.

या युक्तीची गरज का पडते? खेळातील चित्र सेकंदाला ६० वेळा बदलते. अशा एका चित्राला फ्रेम म्हणतात. एक फ्रेम सुमारे १७ मिलिसेकंदांची. अगदी जवळ आलेल्या प्रतिस्पर्ध्याने पकड टाकली, की ती ३ फ्रेममध्ये, म्हणजे ५० मिलिसेकंदांत बसते. आता वर्गात एक प्रयोग करा. एका मुलाने फूटपट्टी उभी धरून अचानक सोडावी आणि दुसऱ्याने ती चिमटीत पकडावी. पट्टी साधारण २० सेंटिमीटर घसरली, तर पडणाऱ्या वस्तूच्या सूत्रावरून वेळ येतो ०.२ सेकंद. पाहून बोट हलवायला माणसाला एवढा वेळ लागतोच. पकड सोडवण्यासाठी खेळ थोडी सवलत देतो, पण ती धरूनही पाहून उत्तर देणे जवळजवळ अशक्य. म्हणजे प्रतिस्पर्धी ठोसा मारणार की पकड टाकणार, याचा आधीच अंदाज बांधावा लागतो. ठोसा अडवत बसले तर पकडीत सापडतो. पकड सोडवायला गेले तर ठोसा बसतो.

यावर खेळाडूंनी उपाय काढला. जॉयस्टिक खाली-मागे धरायची, म्हणजे बसून बचाव होतो. आणि किंचित उशिराने हलका ठोसा व हलकी लाथ ही दोन बटणे एकदम दाबायची. प्रतिस्पर्ध्याने लगेच ठोसा मारला असेल, तर तो आधीच अडवला जातो आणि बटणे वाया जातात. त्याने पकड टाकली असेल, तर हीच दोन बटणे ती सोडवतात. त्याने काहीच केले नसेल, तर खालून एक हलकी लाथ बसते. हालचाल एकच, पण तीन प्रसंगी तीन उत्तरे. त्यांतले कोणते द्यायचे, हे खेळाचे नियम ठरवतात.

मग खेळाडूने स्वतः काय ठरवले? हा आक्षेप शिक्षकांना जवळचा वाटेल. ‘तापमान वाढवले की विद्राव्यतेवर परिणाम होतो’ असे लिहिणारा विद्यार्थी आपल्या ओळखीचा असतो. विद्राव्यता वाढो की घटो, त्याचे वाक्य खरेच ठरते, आणि म्हणूनच त्यातून काही कळत नाही. वरील युक्ती अशी गोलमोल आहे का? माझ्या मते नाही. प्रत्येक प्रसंगी ती एक निश्चित कृती करते. शिवाय ती कोठे हरेल, हे नेमके सांगता येते. प्रतिस्पर्ध्याने काही फ्रेम थांबून मग ठोसा मारला, तर आपली लाथ नुकतीच निघालेली असते, बचाव सुटलेला असतो आणि ठोसा बसतो. गोलमोल वाक्याला असा हरण्याचा प्रसंगच नसतो. विचार टाळला असे येथे म्हणता येत नाही. तो आधी करून ठेवलेला असतो.

असा आधी केलेला विचार परभणी जिल्ह्यातल्या मुलांना नवा नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाने शिफारस केलेली सोयाबीन आणि तुरीची ४:२ आंतरपीक पद्धत अनेकांच्या शेतात दिसते. सोयाबीन सुमारे शंभर दिवसांत निघते, तूर त्यानंतरही दोन महिने उभी असते. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात अतिवृष्टीने पिके पाण्यात गेली. पुढे काय वाढून ठेवले आहे, हे जूनमध्ये कळत नाही. एकाच पेरणीत दोन मुदतींची पिके घेतली, म्हणजे एक हातचे गेले तरी दुसऱ्याची आशा राहते. याची किंमतही द्यावी लागते : तुरीच्या प्रत्येक दोन ओळींमागे तेवढी जागा सोयाबीनला कमी मिळते.

पण येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. पाऊस आपल्या शेतातल्या ओळी पाहून पडत नाही. समोरचा खेळाडू मात्र आपली सवय पाहतो आणि चार डावांनंतर मुद्दाम थांबून ठोसा मारू लागतो. असा प्रतिस्पर्धीही परभणीच्या शेतात आहे : कपाशीवरील गुलाबी बोंडअळी.

भारतात २००२ साली एका विषारी प्रथिनाचे बीटी कापूस बियाणे आले, २००६ साली दोन प्रथिनांचे. दुसऱ्यामागची कल्पना आपल्या युक्तीसारखीच होती : अळी एका प्रथिनातून वाचली तर दुसरे तिला मारील. मात्र तोपर्यंत पहिल्या प्रथिनाशी अळीची अनेक वर्षे गाठ पडत होती. २०१० मध्ये गुजरातच्या चार जिल्ह्यांत पहिल्या प्रथिनाला दाद न देणारी अळी आढळल्याचे जाहीर झाले. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात दोन्ही प्रथिने असलेल्या कपाशीचेही बोंडअळीने मोठे नुकसान केले. एकेक अळी काही शिकत नाही. वाचलेल्यांची पिल्ले वाढतात आणि त्यामुळे सगळी जातच ‘शिकते’. हे शिकणे लांबावे म्हणून शेताच्या कडेने बिगरबीटी कपाशीच्या ओळी लावायला सांगितले होते. तेथे वाढलेल्या साध्या पतंगांशी संकर होऊन प्रतिकारशक्ती पातळ व्हावी, हा हेतू. बहुतेक ठिकाणी त्या ओळी लावल्याच गेल्या नाहीत. त्यात फरदड ठेवल्यामुळे अळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळाला.

मारामारीच्या खेळाची मर्यादा येथे दिसते. ही युक्ती फार सोयीची झाल्यावर, २०१६ च्या ‘स्ट्रीट फायटर ५’ मध्ये कंपनीने नियम बदलून ती वाट बंद केली. शेतात असा नियम बदलणारा कोणी नसतो. हरल्यावर डाव पुन्हा मांडताही येत नाही; वर्षाचा कापूस जातो. तरीही सर्व प्रसंग झाकणाऱ्या उपायालाही एक उघडी बाजू असते आणि शिकणारा प्रतिस्पर्धी ती शोधतोच, हे हा खेळ काही मिनिटांत दाखवतो. बटणे बडवणे एवढेच त्याचे वर्णन अन्यायाचे होईल.

वर्गात हे यंत्राशिवाय करता येते. दोन मुले समोरासमोर बसवा. पहिल्याने ‘ठोसा’, ‘पकड’ किंवा ‘थांबून ठोसा’ यांपैकी एक गुपचूप चिठ्ठीवर लिहावे. दुसऱ्याने ‘युक्ती’ किंवा ‘नुसता बचाव’ लिहावे. मग चिठ्ठ्या उघडाव्यात. युक्ती ‘थांबून ठोसा’ला हरते, नुसता बचाव ‘पकडी’ला हरतो, बाकी डाव बरोबरीचे. आधी वीस डाव दुसऱ्याला फक्त ‘युक्ती’च लिहायला सांगा, पण हे पहिल्याला कळू देऊ नका. कितव्या डावाला त्याला वाट सापडते, ते फळ्यावर नोंदवा. पुढचे वीस डाव दुसऱ्याने चिठ्ठी टाकून निवड करावी. दोन्ही नोंदी शेजारी मांडल्या, की बिगरबीटी ओळींचे महत्त्व मुलांना विचारा.